हुरूब उतरला का?

व्हिडिओ कॉल लागला की मावशी आधी बोलायच्या नाहीत. हात उलटा करून फोनच्या काचेवर, मुलाच्या कपाळावर ठेवायच्या. माझा फोन जुना, लगेच तापायचा. "गरम लागतंय रं अजून," त्या म्हणायच्या. सौदीत त्यांचा मुलगा डोळे मिटून घ्यायचा.

नाशिकरोडला माझं तिकिटांचं आणि पासपोर्टचे अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. चौकशीला आलेली एखादी बाई हळूहळू दुकानातलीच होऊन जाते, हे तुम्हीही पाहिलं असेल. मावशी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या ठेकेदारांच्या माणसांना डबे द्यायच्या. डबे पोचवले की चप्पल बाहेर, पिशवी माझ्या काउंटरवर आणि प्रश्न एकच, "भाऊ, हुरूब उतरला का?"

शब्द मीच त्यांना दिला होता. मुलगा तिकडे वेल्डर. काम बंद पडलं, नोकरी गेली, आणि मालकानं 'कामगार पळून गेला' अशी सरकारात नोंद केली. तिकडे तिला हुरूब म्हणतात. ती लागली की दुसरी नोकरी धरता येत नाही आणि देश सोडायचा परवानाही मिळत नाही. मुदतीत मालकानं ती मागे घेतली तर ठीक, नाहीतर तुरुंगाची भीती. हे सगळं त्यांना सांगायचा धीर होईना. म्हणालो, "काही नाही मावशी, डोक्याला ताप झालाय नुसता." त्यांनी त्यातला ताप तेवढा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सुंठ-ओव्याची पुरचुंडी घेऊन हजर. "कुरियरनं जाईल ना?"

"अहो, हा तसला ताप नाही."

"काढ्यानं उतरत नाय असा ताप मी तरी नाय पाह्यला."

मी पुरचुंडी ड्रॉवरमध्ये टाकली आणि गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं. नोकरी गेली तेव्हा मुलानं पहिला फोन मला केला होता. "खोलीत बसून काय करतोस? मित्राच्या गावी जा, काम शोध," असं मीच ऐटीत सांगितलं होतं. नियम कुणाला विचारला नाही. तो कंपनीची खोली सोडून गेला, म्हणून तर 'पळाला' अशी नोंद झाली. आणि मावशी माझ्याच बाकावर बसून मला दुवा द्यायच्या.

मुदत संपत आली. कंपनीचा कारकून माझा फोन उचलेना. एका दुपारी मला राहवलं नाही, मावशींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी काउंटरवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"म्हंजी औषध चुकलं."

"हो."

"मग बसून काय राहता? दुसऱ्याच्या फोनवरनं लावा. तुमचा नंबर वळखतो त्यो."

शेजारच्या मेडिकलवाल्याचा फोन आणला. कारकुनानं लगेच उचलला. तोही आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. मी मुलाचं नाव सांगितलं, तेवढ्यात मावशींनी फोन ओढून घेतला.

"साहेब, मेरे पोरगे को हुरूब हुआ हय. तुमनेच लगाया, तुमच उतारो. पळ्या नय वो. काम नय था, दोस्त के घर गया."

तो हसायला लागला. "अम्मा, हुरूब कोई बुखार है क्या?"

"तुमको आया नय अजून, म्हणून हसता हय."

पलीकडचं हसू थांबलं. मग आवाज आला, "कल सुबह उसको ऑफिस भेजो, अम्मा. मैं सेठ से बात करता हूँ."

त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण त्यानं शब्द पाळला. नोंद मागे घेतली गेली आणि पाठोपाठ परवानाही निघाला.

हल्ली मावशी दुकानात येत नाहीत. मुलानं वणीला ग्रिलचं वर्कशॉप टाकलंय, त्या तिकडेच असतात. नोकरी गेली म्हणून कुणा पोराचा फोन आला तर मी आता पहिलं वाक्य म्हणतो, "खोली सोडू नकोस. आधी विचारून घेऊ."

मावशींचा मुलगा परत आला तो दिवस मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. मुंबईहून थेट दुकानातच आला, कारण मावशी सकाळपासून तिथं बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "गार हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि तोच हात माझ्या कपाळावर टेकवला.

"तुम्हाला कणकण हाय अजून. काढा घ्या."

संध्याकाळी मी ड्रॉवरमधली पुरचुंडी सोडली आणि पाणी उकळायला ठेवलं.