बेचाळिसाव्या लिंगापाशी सापडलेले पिल्लू

पत्नी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत मी एकही दिवस जप चुकवला नाही, आणि एकदाही तो मनापासून झाला नाही. हे लिहिताना संकोच वाटतो. पण अनुभव सांगायचा तर त्याच्या आधीची स्थितीही खरी सांगितली पाहिजे. मी सोलापूरच्या एका गिरणीत सुताच्या लडी तपासण्याचे काम करतो. ऐंशी फेऱ्यांची एक आटी, सात आट्यांची एक लडी. त्यात फेरे कमी भरले तर माझ्या बोटांना आधी कळते, डोळ्यांना मागाहून. तीच बोटे माळेवर चालत. एकशे आठ पुरे झाले की मी माळ खुंटीला अडकवी, आणि घर जपाआधी जितके रिकामे होते तितकेच नंतरही असे. एकुलती मुलगी करमाळ्याला दिलेली. तिचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई. भाकरीचे पीठ मात्र सवयीने दोघांचेच परातीत पडे, आणि उरलेली शिळी भाकरी दुसऱ्या दिवशी मीच खाई.

पत्नीची एक इच्छा राहून गेली होती. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या, गावाभोवती पसरलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा तिला माझ्याबरोबर पायी करायची होती. श्रावणात तिने विचारले तेव्हा मी म्हणालो, साहेब सोमवारची रजा देत नाहीत. खरे असे की मी रजा मागितलीच नव्हती. हजेरीपटावर माझ्या नावापुढे एकही फुली नाही याचा मला अभिमान होता. पुढे कार्तिकात तिला ताप आला. चार दिवस मी तिला औषध देऊन कामावर जात राहिलो. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली, तेव्हा मी गिरणीत होतो. शेवटचे पाणी शेजारच्या नरसव्वाने घातले.

तिच्याशी खोटे बोललो होतो, आणि क्षमा मागायला समोर कोणी उरले नव्हते. म्हणून तिच्या नावाने पाच प्रदक्षिणा करायच्या, असे मी ठरवले. वार सोमवारच हवा, पण गिरणीला सुटी रविवारी; तेव्हाही मी रजा न मागता रविवारच धरला. नियम मात्र कडक घातले. पायांत वहाण नको, वाटेत बसणे नको, सूर्यास्ताच्या आत फेरी पुरी व्हावी आणि प्रत्येक लिंगावर बेलाचे एकच पान पडावे. निघताना अडुसष्ट पाने दोनदा मोजून उपरण्याच्या टोकाला बांधत असे. पाच फेऱ्या बिनचूक झाल्या म्हणजे माझे खोटे फिटेल, अशी माझी समजूत होती. चार झाल्या. मन तसूभरही हलके झाले नाही. पाचवीला मी निघालो तो भक्तीने नव्हे, एक राहिली आहे म्हणून.

त्या रविवारी बेचाळिसाव्या लिंगाशी पान वाहून वळलो, तर गाडीवाटेच्या चाकोरीत कुत्र्याचे एक पिल्लू पडलेले दिसले. तांबूस रंगाचे, महिना-दीड महिन्याचे असेल. उजव्या पुढच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. आई जवळपास दिसत नव्हती. दोन कावळे मात्र हातभर अंतरावर येऊन बसले होते. मी कावळे हाकलले आणि पुढे निघालो. त्रेचाळिसाव्या लिंगावर पान वाहिले. चव्वेचाळिसाव्यावरही वाहिले. तिथे हात जोडून उभा राहिलो, तर मागून कावळ्यांचा आवाज येत होता. ऊन उतरायला लागले होते, आणि परत गेलो तर सूर्यास्ताआधी फेरी पुरी होणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. तरी मी परत फिरलो. का, ते त्या वेळी सांगता आले नसते. पिल्लाला उपरण्यात घेतले. टोकाच्या गाठीत चोवीस पाने तशीच होती.

घरी आल्यावर त्याच्या पायाला हळद लावून बांबूच्या चार कामट्या तासल्या, मापाने सारख्या कापल्या आणि सुताने बांधल्या. आम्ही लडीची आटी बांधतो तीच गाठ मी मारली. ती ओढली की बसते आणि पुन्हा सुटत नाही. नरसव्वा दारातून बघत होती. ती मागावर काम करणाऱ्यांच्या घरातली. तिचे मराठी तेलुगूच्या चालीने येई. "अय्यो काका, कुत्र्याला मागावर चढवलं की काय? धोतर विणणार त्याचं?" असे म्हणून हसली, आणि वाटीभर दूध आणून ठेवून गेली. त्या घरात कोणी मोठ्याने हसल्याला बरेच दिवस झाले होते.

सोमवारी मी कामावर गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तो दूध तसेच होते. पाय सुजला होता आणि पिल्लू एकसारखे कुंथत होते. मला वाटले, बांधणी ढिली राहिली, हाड हलले. म्हणून वरून आणखी सूत गुंडाळून गाठी अधिक आवळल्या. मंगळवारी सकाळी त्याच्या पंज्याला हात लावला तर तो गार लागला, आणि पिल्लाने मान वर उचलली नाही. माझ्या मनात एकच आले. फेरी मोडली, त्याची ही शिक्षा आहे. ज्याच्यासाठी मोडली तेही जाणार. नरसव्वा म्हणाली, "काका, आज याला सोडून जाऊ नका. मी एकटी काय करू? त्या वेळीपण एकटीच होते." ती रागाने बोलली नाही. पण मी तसाच उठलो, गिरणीच्या फाटकाशी जाऊन जॉबरला, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमाला, सांगितले की आज रजा हवी. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला? घ्या की. एवढ्या वर्षांत कधी मागितली न्हाईत!" इतके सोपे होते ते. फाटकापासून घरापर्यंत मी कसा आलो ते मला आठवत नाही.

पिल्लाला त्याच उपरण्यात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर फिरतीवर गेलेले, दुसऱ्या दिवशी येणार. परतताना बाजाराच्या रस्त्याला, कडुलिंबाखाली एका लहान देवळाच्या पायरीवर बसलो. वाटेत बसायचे नाही या नियमाचे आता काहीच उरले नव्हते. काय मागावे तेही सुचेना. फक्त म्हणालो, "देवा, मला आता काही कळत नाही." माझ्या आठवणीत न मोजता केलेली ती पहिली प्रार्थना.

मंगळवारचा बाजार होता. शेरडे-मेंढरे घेऊन एक म्हातारा धनगर त्या वाटेने आला आणि माझ्या मांडीकडे बघून थांबला.

"पाव्हनं, त्याच्या पायाला गळफास कुनी दिला वो?"

"मीच बांधले आहे. हाड हलू नये म्हणून."

"हाड न्हाय हालत. पर रगात कुटनं जाईल?" तो खाली बसला, घोंगडे बाजूला टाकले आणि गाठीवर अंगठा फिरवला. "गाठ लई बेस हाय. पर ही गाठ पोत्याला मारायची, पायाला न्हाय. हितं बोट घाला बगू. शिरतंय का?"

"नाही."

"मंग! आमी कोकराला बांधतो तवा बोट शिरंल एवढी जागा ठिवतो. आपुन नुसतं सरळ धरायचं. जोडनारा आपुन न्हवं."

त्याने चाकूने सूत कापले. कामट्या तशाच ठेवल्या; "ह्या बेस तासल्यात" म्हणाला. आत लोकरीचा पेळू घातला आणि घोंगड्याची पट्टी फाडून सैलसर बांधली. मग तो पंजा आपल्या दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिला. मीही बसलो. बऱ्याच वेळाने त्याने माझा हात ओढून पंज्यावर ठेवला. पंज्यात ऊब येत होती. तेवढ्यात त्याची एक शेळी मागून आली आणि माझ्या उपरण्याचे टोक चघळू लागली. गाठ सुटली आणि ती वाळलेला बेल खाऊन मोकळी झाली.

"अगं ए रांडंच्ये!" म्हातारा ओरडला. "देवाची व्हती व्हय वो?"

"होती. चोवीस होती."

"मोजून ठिवली व्हती?" त्याने माझ्याकडे पाहिले आणि बोळक्या तोंडाने असा हसला की मलाही हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले आणि थांबेनात. म्हाताऱ्याने पाठीवर एकदा हात ठेवला, "आमी मंगळवेढ्याकडचं. जातू आता, बाजार मोडंल," म्हणाला आणि मेंढरे हाकीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय पाहिला. ते म्हणाले, ही बांधणी राहू द्या; आधीची आणखी काही तास राहिली असती तर पाय कापावा लागला असता, कदाचित पिल्लू वाचलेही नसते. पुढचे पाच मंगळवार मी त्या धनगराला बाजारात शोधले. तो भेटला नाही. तो मनुष्यरूपाने आलेला देव होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या टाचेला भेगा होत्या, अंगाला मेंढरांचा वास होता आणि त्याला बाजार गाठायचा होता. तो वेळेवर आला, एवढे मला ठाऊक आहे. आणि मी दोन वर्षे जे धरून बसलो होतो, त्यावरची माझी मूठ त्या पायरीवर सुटली, हेही ठाऊक आहे.

पाचवी प्रदक्षिणा मी पुन्हा केली नाही. ती धरली गेली की नाही, मला माहीत नाही. आपण किती वाहिले ते फार तर आपल्याला मोजता येते. पोचले किती, हे मोजण्याचे काम आपले नाही. खोट्याची फेड फेऱ्यांनी होईल असे मी मानत होतो. आता नुसते सांगून टाकतो. ज्या दिवशी कामट्या सोडल्या, त्या संध्याकाळी दिवा लावून पत्नीच्या नावाने मोठ्याने म्हणालो, "मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली असती."  बाहेर नरसव्वाच्या घरी माग चालू होता.

पिल्लू उंबऱ्याशी उभे होते. त्याने उजवा पाय जपून खाली टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग लंगडत पायरी उतरून बोळात गेले आणि वळणापलीकडे दिसेनासे झाले. हाक मारायला तोंड उघडले होते, पण मारली नाही. येईल तर त्याच्या पायांनी येईल, असे म्हणून हात जोडून उंबऱ्यात बसलो. काही वेळाने ते आले आणि माझ्या पावलावर डोके ठेवून झोपले. सिद्धरामेश्वराचे माझ्यावर फार उपकार आहेत.