काकूंच्या जागी आलेला हात

भोपाळमध्ये पिपलानीच्या पुढे आमचा छोटा कारखाना आहे. तिथे मी सर्किट बोर्ड तपासते. आधी टेबलाच्या पलीकडे काकू बसायच्या. मूळच्या अमरावतीच्या, वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे भोपाळला आलेल्या. बोर्ड पुढे सरकवताना त्या दर वेळी "घे" म्हणायच्या आणि मधूनमधून सुनेच्या तक्रारी सांगायच्या. घरी मराठी, कारखान्यात हिंदी, शाळा इंग्रजी; मी तिन्ही भाषांत गप्पच. काकूंचं एकटीचं बोलणं मला सोयीचं होतं.

गेल्या वर्षी त्यांना पॅकिंगमध्ये पाठवलं आणि त्यांच्या जागी रोबोटचा हात आला. त्याच्यासमोर कुणाला बसवायचं यावर फार विचार झालाच नाही. सुपरवायझर सर म्हणाले, "इसी को बिठाओ. तशीही ही बोलत नाही." सगळे हसले. मलाही ते पटलं होतं.

हात वाईट नाही. चुकत नाही, कुरकुरत नाही. पण एखादा बोर्ड मला पुन्हा उजेडात धरावासा वाटला, की तो पुढचा बोर्ड घेऊन हवेत थांबतो. काकू थांबायच्या तेव्हा पदराने चष्मा पुसून घ्यायच्या. हा नुसता थांबतो, आणि मी घाई करते. संध्याकाळी बसमध्ये मान अवघडलेली असते. आईने काही विचारलं तर उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. दिवसभर तिकडे बोलून दमतेस वाटतं, असं ती म्हणते.

मागच्या महिन्यात सरांनी सांगितलं, सोमवारपासून दुसरा हात येतोय. शेजारच्या टेबलावरची मुलगीही पॅकिंगला जाणार आणि दोन्ही हात मी सांभाळायचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. वाक्यं जुळवून नेली होती, ती दारातच विस्कटली.

"सर, मला समोर कुणीतरी माणूस लागतं."

"पण तू तर बोलतच नाहीस, बेटा."

"ऐकते ना."

ते म्हणाले, बघतो, करू काहीतरी ॲडजस्ट.

दुपारी इंजिनिअर आला आणि त्याने हाताचा वेग कमी केला. माझी ओढाताण होत असेल, असं सरांना वाटलं होतं. काम खरंच हलकं झालं. दोन बोर्डांच्या मध्ये आता निवांत वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळात बघायला समोर तो हातच असतो.

सोमवारी दुसरा आला. तोही हळूच चालतो.