बोरन्हाणानंतरचे चार आठवडे

माझ्या मुलीची ट्रीटमेंट संपली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. दोन वर्षं गोळ्या, सुया, उलट्या. शेवटची गोळी घेऊन झाली त्या दिवशी वॉर्डातल्या नर्सेसनी केक आणला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रोग गेलाय, पण अंगात प्रतिकारशक्ती यायला अजून सहा महिने तरी जातील. तोवर कांजिण्या आणि गोवर यांच्यापासून जपा. इतर मुलं अंग खाजवत आठवडाभर घरी बसतात आणि बरी होतात, हिच्या मात्र ते जिवावर बेतू शकतं. असं कुणी मूल तिच्याजवळ आलं तर तीन दिवसांच्या आत इंजेक्शन द्यावं लागेल, तेव्हा कळताक्षणी फोन करा.

हॉस्पिटलने हे तिच्या नर्सरीलाही लेखी कळवलं होतं. त्यामुळे ज्या इंग्लिश बायकांशी माझं पाऊसपाण्यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं, त्या सकाळी दारावर येऊन सांगून जायच्या, आमच्या धाकटीला स्पॉट्स आलेत, आज तुमच्या मुलीला पाठवू नका. आणि लंडनच्या हॅरो भागातली आमची मराठी माणसं, ज्यांच्याकडे दर पंधरा दिवसांनी आमचं जेवणखाण असायचं, त्यांना मी सांगितलं होतं की तिच्या अंगात रक्त कमी आहे.

हे खोटं माझं एकटीचं. नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "सांगून टाकू, आपल्यालाच हलकं वाटेल." मी ऐकलं नाही. मुलीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी लोक हेच उकरून काढतील, असं मी त्याला सुनवायचे. अडीच वर्षांच्या पोरीचं लग्न! खरं कारण वेगळं होतं. मला कुणी 'बिच्चारी' म्हटलेलं सहन होत नाही, लहानपणापासून नाही. तिचे केस गेले तेव्हा मी बेधडक सांगितलं की विरळ होते म्हणून गोटा केला, आता दाट येतील. आपल्यात करतातच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. एकीने तर खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

जानेवारीत संक्रांत आली आणि मी तिचं बोरन्हाण करायचं ठरवलं. पाचव्या वर्षाच्या आत करायचं असतं, आणि तिचं दर वर्षी काही ना काही कारणाने राहून गेलं होतं. नवरा म्हणाला, "एवढी मुलं घरात कशाला? डॉक्टर काय म्हणाले विसरलीस का?" मी म्हटलं, "दोन वर्षं कोंडून ठेवलंय तिला. आणि बाहेरचं कोण आहे? सगळी आपलीच तर आहेत."

पुण्याहून कुणाच्या तरी हाती हलव्याचे दागिने मागवले. काळा फ्रॉक मी स्वतः शिवला. बोरं काही मिळाली नाहीत, म्हणून द्राक्षं घेतली, गुजराती दुकानातून चुरमुरे आणले आणि मूठभर चॉकलेटच्या गोळ्या टाकल्या. तिला पाटावर बसवलं, डोक्यावरून सगळं ओतलं आणि सातआठ पोरं कार्पेटवर तुटून पडली. ती खदखदा हसत होती. इतकं हसताना मी तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीची मुलगी, तिच्याच वयाची, सरळ पाटावर चढून तिला खेटून बसली आणि दोघी एकमेकींच्या तोंडात चुरमुरे भरवत राहिल्या. बोरन्हाण करतात ते ऋतू बदलताना मूल आजारी पडू नये म्हणून. मी कृतार्थ होऊन फोटो काढत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मैत्रिणीचा फोन आला. तिळाच्या वड्या किती खुसखुशीत झाल्या होत्या वगैरे झालं आणि मग ती म्हणाली, "अगं, आमच्या बाईसाहेबांना चिकनपॉक्स झालाय. काल आंघोळ घालताना बघते तर पाठभर फोड! तुमच्याकडे आली तेव्हा जरा किरकिर करत होती ना, तेच असणार. आता तुझ्या लेकीलाही होऊन जाऊ दे. लहानपणी झालेलं बरं, डोक्याला ताप नाही पुढे."

मी "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग जिन्याच्या पायरीवर बसले. हॉस्पिटलचा नंबर मला तोंडपाठ होता, तरी दोनदा चुकीचा फिरवला. दुपारपर्यंत तिला दोन्ही मांड्यांत इंजेक्शनं दिली गेली. ती ओरडत होती, "पण मी बरी झाली ना!" नर्स म्हणाली की याने कांजिण्या नक्की अडतीलच असं नाही, आल्या तर जोर कमी असेल अशी आशा करायची. चार आठवडे रोज अंग तपासा, एक जरी फोड दिसला तरी लगेच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट. मग ती म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी हिला घेऊन आले असते का गं?" ती मला बिच्चारी म्हणाली नाही. भयंकर चिडली होती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. सकाळी उठल्याबरोबर तिला खिडकीशी उजेडात उभी करायची आणि कानामागून तळपायापर्यंत बघायची. संध्याकाळी आंघोळीला पुन्हा तेच. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ दिसला तरी तिथे बोट दाबून बघायची. एकदा व्हेस्टच्या लेबलने मानेवर लाल झालं होतं. मी तिला तसंच कोटात गुंडाळून हॉस्पिटलला नेलं आणि ट्रेनमध्ये सगळ्यांदेखत रडले. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. नवरा एका शब्दाने "मी सांगत होतो" असं म्हणाला नाही, आणि त्याचाही मला राग यायचा. दिवसेंदिवस काहीच दिसेना तशी मला थोडी झोप लागायला लागली. तिसऱ्या आठवड्यानंतर तर ती आपण होऊन म्हणाली, "मी माझी माझी आंघोळ करणार, मी बिग गर्ल आहे." मला बरंच वाटलं. दोन दिवस मी तिला करू दिली, आणि सकाळचं बघणंही तिने गुदगुल्या होतात म्हणून हसण्यावारी नेलं.

सोमवारी सकाळी कपडे घालताना तिने व्हेस्ट दोन्ही हातांनी खाली ओढून धरला. मी हात सोडवले. पोटावर तीन फोड होते, टपोरे, पाण्याने भरलेले. एकावर खपली धरायला लागली होती.

"कधीपासून आहे हे?"

"सॅटर्डेपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू रडते म्हणून," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "आणि तूच म्हणते ना, आजाराचा कोणाला सांगायचा नाही. इट्स अ सीक्रेट."

ती त्यातून बरी झाली, हे आत्ताच सांगून टाकते. कुणाला टांगणीला लावायची मला आता हौस नाही. आठवडाभर काचेच्या दारामागच्या खोलीत शिरेतून औषध चाललं, ताप चढला, एक दिवस श्वासही जोरात चालला होता, आणि मग ताप उतरला. पण त्या सोमवारी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. डॉक्टर तिचं पोट बघत होते आणि त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. त्यांनी विचारलं, "हे दोन दिवसांचे दिसतात. आधी लक्षात कसं आलं नाही?"

नवरा माझी बाजू सावरायला काहीतरी बोलू लागला, गडबडीत राहिलं असेल म्हणून. मी त्याला थांबवलं आणि इंग्लिशमध्ये, तिलाही कळेल असं, सांगितलं की तिने लपवलं, आणि लपवायला मी शिकवलं. तिची काही चूक नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी खरंच असं म्हणाले का याची खात्री करत असल्यासारखी. मग तिने आपण होऊन डावा हात वर केला आणि डॉक्टरांना काखेतला एक फोड दाखवला. तो मी पाहिलाच नव्हता.