दोन जावांचं उतरतं वजन

थोरली हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. दोघी सख्ख्या जावा, एकाच इमारतीत वरखाली राहणाऱ्या. दोघींची अंगं सुटलेली, गुडघे कुरकुरणारे. पोट लहान करायचं ऑपरेशन दोघींनी एकाच महिन्यात करून घेतलं. तोवर त्यांचं छान जमायचं.

ऑपरेशननंतर धाकटी भराभर उतरली. गालांची हाडं दिसायला लागली, जुने ड्रेस अंगावर लोंबायला लागले. थोरलीचा काटा मात्र रडतखडत हलायचा. एकदा शेजारीण जिन्यात धाकटीला म्हणाली, "कॉलेजची पोरगी दिसतेस गं!" आणि थोरलीकडे वळून, "तुमचं कधी आहे ऑपरेशन?"

"झालंय की!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी इतकी झपाट्यानं का उतरतेय, हे फक्त थोरलीला ठाऊक होतं. धाकटीच्या पोटात काही ठरत नव्हतं. दोन घास गेले की उलटी. आहारतज्ज्ञ बाईंनी दोघींना बजावलं होतं, "व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. रक्ततपासणी चुकवायची नाही. उलट्या थांबल्या नाहीत तर त्याच दिवशी फोन करा." पण धाकटी म्हणायची, "गोळीनंच मळमळतं, ताई. बंदच केल्यात. आणि वजन उतरतंय ना?"

थोरलीनं हे कुणाला सांगितलं नाही. उलट तिला वाटलं, या गोळ्यांनीच माझं अंग धरून ठेवलंय. तिनंही गोळ्या सोडल्या.

मग एका दुपारी दोघी जिना चढत होत्या. पुढे चाललेल्या धाकटीच्या पायातली चप्पल पायरीवर राहिली आणि ती तशीच वर गेली.

"अगं, चप्पल!"

धाकटीनं खाली पाहिलं. "कधी निघाली?"

आता ही नवी नाटकं, थोरलीच्या मनात आलं. पण धाकटी भिंत धरून मटकन खाली बसली. "ताई, पायांना मुंग्या येतायत कधीच्या. आता तर पाय माझे वाटतच नाहीत. आणि आज दुकानात एकेक गिऱ्हाईक दोन-दोन दिसत होतं."

थोरलीनं धाकटीच्या नवऱ्याला फोन लावला. तिनं रिक्षा बोलावली.

ऑपरेशन झालं होतं त्याच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उलट्या कधीपासून?"

"अधूनमधून होतात," धाकटीचा नवरा म्हणाला.

"नाही भाऊजी," थोरली म्हणाली. "महिना उलटून गेला. रोज होतात. गोळ्याही बंद आहेत."

"तुला माहीत होतं, वहिनी?"



डॉक्टरीणबाईंनी नर्सनं आणलेली ग्लुकोजची बाटली बाजूला ठेवायला लावली आणि आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं. "अन्न टिकलं नाही की शरीरातलं बी-वन काही आठवड्यांत संपतं. मग नसा उपाशी पडतात. आधी नुसती साखर गेली असती तर आणखी बिघडलं असतं. अजून उशीर केला असता तर स्मरणशक्तीवरही आलं असतं." मग त्यांची नजर थोरलीवर गेली. "ऑपरेशन तुमचंही झालंय ना? द्या रक्त."

थोरलीचं बी-ट्वेल्व्ह आणि लोह दोन्ही तळाला गेलं होतं.

उलट्यांवर उपचार झाले. धाकटीची नजर काही दिवसांत ताळ्यावर आली, पायांना मात्र महिने लागले. सासूबाई तिला हाताला धरून व्हरांड्यात चालवायच्या, नवरा पाय चोळून द्यायचा. थोरली आपलं इंजेक्शन एकटी जाऊन घेऊन यायची आणि ते बघत उभी राहायची. आजारपणातसुद्धा हिचंच कौतुक! आपल्याच मनाची तिला किळस आली, पण जळफळाट काही जाईना.

एका संध्याकाळी सासूबाई दमल्या, तेव्हा थोरलीनं धाकटीचा हात धरला. व्हरांड्याच्या टोकाशी धाकटीनं विचारलं, "ताई, तुम्ही आधी का नाही बोललात कुणाशी?"

"हेवा वाटत होता तुझा."

धाकटीनं एक पाऊल पुढे टाकलं. "आणि आता?"

"आताही वाटतो," थोरली म्हणाली. "पाय नीट उचल."