कल्पिताने उतरवायला लावलेला फ्लेक्स

आमच्या उरण पट्ट्यात कुत्र्याच्या वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो. मग माझी सख्खी पुतणी डॉक्टर होणार म्हटल्यावर मी गप्प बसणार होतो का? नाक्यावर चांगला मोठा फ्लेक्स चढवला. 'चिनी भाषाशास्त्राच्या डॉक्टर कु. कल्पिता काळूराम म्हात्रे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: हिरामणशेठ म्हात्रे.' कोपऱ्यात माझा गॉगल घातलेला फोटो. तिची शेवटची तोंडी परीक्षा अजून व्हायची होती, पण पोरगी एवढी हुशार, ती काय अडकणार? बायको म्हणाली, "बाजारात तुरी आणि तुमचं आपलं सुरू." मी कानाडोळा केला.

कल्पिता माझ्या थोरल्या भावाची, काळूरामची मुलगी. त्याची उमेदीची वर्षं मिठागरात गेली. पुढे मिठागरं गेली, न्हावा शेवा बंदर आलं, मी ट्रेलर घेतले. पोरीने मुंबईत चिनी शिकायला घेतली तेव्हा मला वाटलं, बंदरात दुभाषी होईल, एसीत बसेल. ही अडकली आवाजात. चिनीत म्हणे आवाज चढवला की एक शब्द आणि उतरवला की दुसराच. त्यात एका शब्दाशेजारी दुसरा आला की चढउतारही बदलतो. फुचिएन नावाच्या किनारी मुलखात हे बोलीबोलीत कसं बदलतं, हा तिचा अभ्यास. तिकडचे खलाशी बंदरात उतरले की त्यांच्या विश्रामगृहात ही रेकॉर्डर घेऊन हजर. गावात विचारायचे, याचा उपयोग काय? मी विचारायचो, तुमच्या हळदीतल्या डीजेचा उपयोग काय?

परीक्षा तोंडावर आली आणि ती घरी आली. मला वाटलं, आधी फ्लेक्सखाली सेल्फी काढेल. ती तडक माझ्या ओट्यावर आली.

"काका, तो फ्लेक्स उतरव. परीक्षा पुढं गेली. मीच पुढं ढकलाला लावली."

झालं होतं असं. तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण ज्या खलाशाच्या बोलण्यावर उभं होतं, त्याचे चढउतार पुन्हा ऐकताना तिला खटकले. तिने त्याला निरोप धाडला, बोटीवरून उत्तर आलं. त्याची आई डोंगरापलीकडची, आणि घरात आईचीच बोली चालायची. हिने प्रत्येकाला गाव विचारलं होतं, घरात कुणाची बोली चालते ते विचारलं नव्हतं. गावावरून बोली ठरवून टाकली होती. तिच्या सरांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

माझं डोकं सटकलं. "मंग गप बसाचा ना! कुठल्या चिन्याच्या आईपायी नाक्यावर माझी लाज काढतंस?"

"काका, मुंबईत तुला कोनी कोळी म्हनला तर?"

आता हे तिने बोलायला नको होतं. कोळी आमचे शेजारी, त्यांच्याशी वाकडं काही नाही. पण आगरी तो आगरी, आमची बोली वेगळी. दादरच्या दुकानदाराने एकदा माझं बोलणं ऐकून "कोळी का?" विचारलं, तर मी साडीखरेदी सोडून त्याला तासभर शिकवत बसलो होतो. बायको अजून त्या साडीचं नाव काढते.

"त्या मानसाला मी तसाच भलत्या बोलीचा लिवलाय," कल्पिता म्हणाली. "असाच जाऊ देऊ?"

मला तिचा राग आला होता आणि ती बरोबर होती, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी मी स्वतः शिडीवर चढलो. चहावाला स्वप्निल खालून ओरडला, "काय हिरामणशेठ, पुतणी नापास झाली वाटतं?"

मी तोंड उघडणार, तोच शिडी धरून उभी असलेली कल्पिताच म्हणाली, "न्हाय रे. माझी चूक झाली होती. परत लिवतेय."

जो येई तो विचारी आणि ती प्रत्येकाला तेच सांगे, आवाज जराही खाली न आणता. मी वर दोऱ्या सोडत होतो आणि डोळे भरून आल्याने मला गाठ दिसेना. माझे ट्रेलर, माझा बंगला, सगळं एका बाजूला ठेवा. एवढ्या ताठ मानेने स्वतःची चूक सांगणारं माणूस आमच्या घराण्यात आजवर जन्मलं नव्हतं, आणि त्यात मीही आलो.