बिनगळाचा बेडूक

आमच्या थोरल्या साडूंइतका माशांच्या मागे हात धुऊन लागलेला आणि तरीही माशांना इतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. परवापरवापर्यंत दर रविवारी सकाळी ते मला बरोबर नेऊन वडवणीजवळच्या तलावावर बांबूची काठी आणि नायलॉनचा तंगूस घेऊन बसायचे, आणि त्या तंगुसाच्या टोकाला स्वतःच्या हातानं घडवलेला एक खोटा मासा नाहीतर खोटा बेडूक बांधून पाण्यात सोडायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही मासा बाहेर काढला नाही. काढणार कसा? त्यांच्या माशाला गळच नसायचा. साडू माळकरी. घरात अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही, आणि शेजाऱ्यांकडे सुकट भाजायला घेतली की हे खिडक्या लावून उदबत्ती पेटवतात. "मग मासे धरायला जाता कावून?" असं कुणी विचारलं की ते दया आल्यासारखे हसत. "धरायचंय कुणाला? फसला पायजे, बस्स. एकदा तोंडात घेतला की दिला सोडून. जा म्हणावं बाबा आपल्या घरी." विचारणारा माझ्याकडे बघायचा आणि मी आभाळाकडे.

साडूंचा धंदा कवळ्या बनवण्याचा. वडवणीच्या बाजाराच्या रस्त्याला त्यांची एक खोली आहे. बीडचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं एसटीनं पाठवतात आणि साडू त्यावरून दात बसवलेल्या कवळ्या करून परत एसटीनं रवाना करतात. खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. नवीन माणूस पहिल्यांदा आत शिरला की नकळत स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो. साडू कुणाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत. त्यांची नजर समोरच्याच्या वरच्या ओठाखाली असते. माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत, दात आठवतात. एकदा एसटीत आमच्या पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ मोबाईलवर हसत होता. साडूंनी मला कोपर मारलं. "वरची माझी, खालची दुसऱ्याची. खालची ढिली हाय बघा, हसताना जिभेनं धरतोय." मी म्हटलं, अहो हळू बोला. तोवर त्या गृहस्थानं हसणं थांबवलं होतं, आणि उतरेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही.

पण या कौशल्याला एक काटा टोचत होता. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याची कवळी साडूंनी केली होती. जीव ओतून केली होती. पुढारी निवडणुकीच्या सभेला उभे राहिले, "माझ्या बंधूंनो" म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सायेबांनी नवीन दात बसवले बे!" सभा हसली, पुढारीही हसले आणि पुढं निवडूनही आले. साडू मात्र दोन वेळ जेवले नाहीत. "बत्तीस वाडगी दूध पिऊन आल्यासारखे पांढरे न्हाईत, मोठे न्हाईत, रंग जुळवलाय, हिरडीसुदिक रंगवली. मग वळखलं कसं?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारला आहे की मला रात्री स्वप्नातही तो पुढारी दात दाखवतो.

आणि खरा काटा तर घरातच होता. साडूंची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का. आक्काचं हसणं हा धर्मापुरीला, या दोघी बहिणींच्या माहेरी, एक नावाजलेला प्रकार होता. देवळाच्या पायरीवर ती हसली की वेशीपर्यंत ऐकू जायचं म्हणतात. तिचा पुढचा एक दात शेजारच्याच्या अंगावर रेललेला होता, आणि हसताना तो आधी बाहेर यायचा, बाकीचे मागून. चाळिशी उलटली आणि हिरड्यांच्या दुखण्यानं तिचे वरचे दात एकेक करून काढावे लागले. साडूंनी तिच्यासाठी कवळी केली. इतकी सुबक कवळी त्यांनी आयुष्यात दुसरी केली नसेल. आक्कानं ती बसवली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "खरेच वाटत्यात की." आणि त्या दिवसापासून हसताना तोंडाला पदर लावायला लागली. हसूही बारीक झालं, खोकल्यासारखं. साडूंनी कधी त्याबद्दल तिला विचारलं नाही. मला मात्र तलावाच्या बांधावर बसून एकदा म्हणाले, "माणूस मन राखतंय, पाव्हणं. खरे वाटत्यात म्हणतंय आन् पदर लावतंय. माशाला काय पडलीय माझ्या मनाची? त्याला खरं वाटलं तरच तो तोंड लावील. एकदा तरी माझ्या हातचं खोटं कुणालातरी खरं वाटलं पायजे."

खोट्या माशाची ही कल्पना त्यांना मोबाईलमुळे सुचली. कुठल्याशा परदेशातला एक दाढीवाला लाकडाचा मासा रंगवून पाण्यात टाकतो आणि खरा मासा त्यावर झडप घालतो, असा व्हिडिओ त्यांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी पांगाऱ्याचं लाकूड आणून कोरायला बसले. पहिला मासा वांग्यासारखा झाला. दुसरा बरा झाला, पण रंगवायला साडूंकडे रंग कुठले? दातांचे. त्यामुळे तो मासा पांढरा, पिवळसर, तंबाखू खाणाऱ्याचा पिवळा अशा छटांमध्ये रंगून निघाला आणि पाण्यात पडल्यावर कुणाची तरी दाढ पोहत असल्यासारखा दिसायला लागला. मग त्यांनी हिरडीच्या गुलाबी मसाल्याचा बेडूक ओतला. तलावावर एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन यायचा. त्यानं तो बेडूक हातात घेऊन उलटासुलटा केला आणि काळजीनं विचारलं, "ह्याला ताप आलाय का?" साडू चिडले नाहीत. घरी आले, जुन्या स्लिपरचा काळा रबर कापला, त्याचे पाय केले, पोट केलं, डोळ्यांच्या जागी मणी बसवले. आता गळ नसताना मासा तोंड लावून गेला हे कळणार कसं? त्याचाही तोडगा त्यांच्याच धंद्यात होता. दातांचं माप घेताना माणसाला चावायला देतात ते गुलाबी मेण त्यांनी बेडकाच्या अंगावर पातळ चढवलं आणि वर काजळी फासली. मासा चावला की मेणावर दात उमटणार. एवढंच की बीडच्या उन्हापुढं मेणाचं काही चालत नाही. एका मे महिन्यात एसटीच्या गर्दीत तो बेडूक माझ्या खिशात वितळला आणि माझा बरा शर्ट कायमचा गुलाबी झाला. तेव्हापासून बेडूक ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून जायचा. माझ्या भाकरी मी वर्तमानपत्रात बांधून न्यायचो.

त्या तलावात मरळ होती. मरळ म्हणजे बेडकावर जीव टाकणारी, आणि तितकीच संशयी. साडूंचा बेडूक पाण्यावर सरकायचा, मरळ खालून वर यायची, त्याच्याबरोबर थोडी चालायची आणि पुढाऱ्याच्या सभेतल्या त्या माणसासारखी ओळखून परत जायची. साडू काठी बाजूला ठेवायचे, बेडकाचा एखादा पाय किंचित तासायचे, पुन्हा सोडायचे. पाऊस असो, घरात लग्नकार्य असो, रविवार चुकला नाही. एकदा बेडूक काठाच्या उथळ पाण्यात सोडून आम्ही चहा प्यायला गेलो, परत येऊन बघतो तर मेणावर दात! साडूंनी खिशातून भिंग काढलं, बेडूक उन्हाकडे आडवा धरला, उभा धरला, आणि बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा पडला. "वरच्या अंगाला एक बी दात न्हाई. समदे खालचेच. पाव्हणं, हा मासा न्हाई, शेळी हाय." धनगर शेजारीच उभा होता. "व्हय," तो म्हणाला, "मघाशी खातच होती की ती. मला वाटलं तुमीच दिलं."

त्यानंतरच्या पावसाळ्यात मरळ खरोखर चावली. पाण्याला धक्का बसला, तंगूस ताणला गेला, सुटला, आणि बेडकाच्या पाठीवर बारीक सुयांची रांग उमटली. मी उडी मारली. साडूंना मिठी मारायला गेलो तर ते धनगराकडे बघत होते. धनगर म्हणाला, "पिल्लं संगं हाईत तिच्या. ते बघा लाल लाल. रागानं चावली." पाण्यावर खरंच तांबड्या पिल्लांचा घोळका फिरत होता. साडूंनी मेणावरून अंगठा फिरवला आणि सगळे दात पुसून टाकले. मी म्हटलं, "अहो, काय केलंत हे! चावा तो चावा." ते म्हणाले, "रागाचा चावा मोजायचा न्हाई. रागात माणूस दगडालाबी चावतंय. भुकेचा पायजे." त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज कौतुक वाटतं, पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोललो नाही.

मग एका रविवारी आक्का म्हणाली, मी पण येते. इतक्या वर्षांत नवरा दर आठवड्याला जातो कुठं ते तिला बघायचं होतं. ती बांधावर पदर सावरून बसली आणि बराच वेळ बघत राहिली. साडू बेडूक ओढत होते. एकसारखा, अलगद, हात जराही न हलवता. कवळीत दात बसवताना असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी आक्काला राहवलं नाही. "अहो, बेडूक हाय का पोलिसातला जवान? इतका नीट कुठं चालतो बेडूक? जरा लंगडू द्या त्याला." साडू म्हणाले, "तुला काय कळतंय." "आना इकडं," म्हणून तिनं काठी त्यांच्या हातातून घेतलीच. ओढला, थांबली. विसरल्यासारखी थांबली. मग एक हिसका, तोही तिरका. बेडूक एका अंगावर कलला, आणि त्याच्याखाली पाणी फाटलं. मरळीनं आख्खा बेडूक तोंडात घेतला आणि खाली घेऊन गेली. आक्कानं दोन्ही हातांनी काठी धरली, बांबू वाकला, ती ओरडली, "अगं बया बया, धरा की मला!" आणि हसायला लागली. दोन्ही हात काठीला. पदर गेला खांद्यावरून. तलावाच्या पलीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या असं ते हसणं, धर्मापुरीच्या वेशीपर्यंत जाणारं. मरळीनं चव बघून बेडूक थुंकला. आजूबाजूला पिल्लं नव्हती. तो भुकेचाच चावा होता, साडूंचा इतक्या वर्षांचा.

मी बेडूक उचलून साडूंकडे पळालो. मेणावर खालीवर दातांच्या रांगा होत्या. पण साडू बेडकाकडे बघतच नव्हते. ते आक्काच्या तोंडाकडे बघत होते, एसटीत बघायचे तसे, वरच्या ओठाखाली. "लई सरळ बसवले मी," ते म्हणाले. "एक बी लंगडत न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्याच्या मागून फडक्यात गुंडाळलेला एक प्लॅस्टरचा जबडा काढला. आक्काचे दात काढण्याआधी घेतलेला तिच्याच तोंडाचा साचा. इतकी वर्षं तो त्यांनी जपून ठेवला होता. त्यात तो पुढचा दात होता, शेजारच्याच्या अंगावर रेललेला. साडूंनी नवी कवळी करायला घेतली. तो दात तसाच कलता बसवला, त्याच्या कडेला जरा झिजवलं, एकाला किंचित पिवळसर केलं. आक्का म्हणाली, "आता म्हातारपणी वाकडे दात कशाला?" तरी बसवून घेतली आणि आरशात पाहिलं. खरे वाटतात, असं या वेळी म्हणाली नाही.

पुढं धर्मापुरीला एक लग्न निघालं. जेवणाच्या पंगतीत आक्काची लहानपणची मैत्रीण तिला कितीतरी वर्षांनी भेटली. काहीतरी बोलणं झालं, आक्का हसली, पदराला हात घातला तोवर ती मैत्रीण ओरडलीच, "अगं, तुझा त्यो कलता दात हाय तसाच की गं अजून! आमचे पडले बघ समदे." आक्काचा पदराला गेलेला हात तिथंच थांबला. मग ती पुन्हा हसली, हात खाली ठेवून. माझ्या शेजारी साडू हातात जिलेबीचा तुकडा धरून बसले होते. त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. "पाव्हणं, ती मन राखायला तर न्हाई ना म्हणली?" मी म्हणालो, "नाही हो. तिला कवळीचं ठाऊकच नाही." साडू उठले आणि हात धुवायला म्हणून गेले, ते ताक वाढेपर्यंत आलेच नाहीत.

आता ते तलावावर जात नाहीत. काठी खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे, बेडूक जबड्यांच्या फळीवर ठेवलेला आहे, आणि साडू प्रत्येक कवळीत एखादा दात मुद्दाम जरासा चुकवतात. पुढाऱ्यालाही तशी करून देतो म्हणाले होते, पण त्याला सरळच हवे आहेत. मला मात्र रविवारी करमत नाही. मागच्या महिन्यात मी एकटाच बांधावर जाऊन बसलो. धनगर शेळ्या घेऊन आला, इकडंतिकडं बघून म्हणाला, "ते दातवाले कुठं हाईत? आजारी हाईत का?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना मासा लागला."

"मंग आता न्हाई येणार," तो म्हणाला आणि माझ्याजवळ बसला. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो.