चिनी कापडवाल्याला विचारलेला प्रश्न

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावलेला नाही. चीन देश मी पाहिलेला नाही. एक चिनी माणूस पाहिला, तोही तासाभरापुरता. तेवढ्यावर लिहिणं बरं की नाही, ठाऊक नाही. तरी लिहितो.

नांदेडला एका वकीलसाहेबांच्या ओसरीखाली मी उभा होतो. मॅट्रिक झालो होतो. औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं. बोर्डिंगात फुकट जागा मिळायला त्यांच्या शिफारशीची चिठ्ठी लागत होती. तीन दिवस येत होतो. पायरीच्या खाली, उन्हात थांबायचं. माझी सावली ओसरीवर पडू नये म्हणून ऊन सरकेल तसं मीही सरकायचं.

चौथ्या दिवशी चिनी कापडवाला आला. पाठीवर निळं गाठोडं. दरसाल तो मुदखेडला गाडीतून उतरायचा आणि गावोगाव रेशीम विकायचा. मुदखेडलाच आमची वस्ती. वस्तीत सगळे म्हणत, हे लोक साप खातात, कुत्री खातात, पोरं पळवतात. आई मला लहानपणी त्याच्याच नावानं भिववायची. गड्यानं त्याला माझ्या शेजारी उभं केलं. मी दोन पावलं दूर झालो.

ओसरीवर वकीलसाहेबांचे दोन दोस्त बसले होते. वकीलसाहेब त्यांना म्हणाले, "बघा, यालासुद्धा विटाळ होतो. अरे, तू मेलेलं ढोर खाणारा, तो साप खाणारा. जोडी चांगली जमली की तुमची."

सगळे हसले. मीही हसलो. राग आला नाही. आपल्याही खाली कुणीतरी आहे, एवढंच मनात आलं. बरं वाटलं.

आतून वकीलसाहेबांच्या बाई आल्या. पूजेच्या सोवळ्यासाठी त्यांना रेशीम हवं होतं. चिन्यानं ठाण पायरीवर ठेवलं. बाईंनी ते उचललं, गालाला लावून पाहिलं.

"वहिनी, त्याच्या हातचं देवाला चालतं?" एका दोस्तानं विचारलं.

"रेशमाला कसला आलाय विटाळ," म्हणत त्या आत गेल्या.

त्यानं पाणी मागितलं. गड्यानं वरून ओंजळीत ओतलं. मला ओतायचा तसंच.

मग वकीलसाहेब मला म्हणाले, "विचार रे त्याला, कुत्रं कसं शिजवतात. आम्हाला सांगायचा नाही. तुला सांगेल."

मी विचारलं. चिठ्ठी हवी होती.

त्यानं ओसरीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "हम चावल खाता. मछली मिला तो मछली. तुमको कौन बोला?"

सगळेच बोलले होते. पाहिलं कुणी नव्हतं. ढोर आम्ही खाल्लं होतं. गावानं तेवढंच आमच्या वाट्याला टाकलं होतं. तेही कुणी आमच्या दारात येऊन विचारलं नव्हतं.

"खोटं बोलतोय. पुन्हा विचार," वकीलसाहेब म्हणाले.

"न्हाई इचारत, साहेब."

"काय म्हणालास?"

"न्हाई इचारत."

माझा आवाज चढला नव्हता.

"मग चिठ्ठीचंही राहू दे," वकीलसाहेब म्हणाले आणि दोस्तांकडे वळले.

चिन्यानं गाठोडं बांधलं. फाटकाबाहेर तो डावीकडे गेला, मी उजवीकडे.

वर्षभर उमरीच्या एका जिनिंगमध्ये कापूस वाहिला. मग साठलेल्या पैशांवर इथं, औरंगाबादच्या कॉलेजात आलो. इथंही पोरं जेवताना सांगतात, चिनी असे, हबशी तसे. मी एवढंच म्हणतो, "तू पाहिलंस?" मग माझ्या शेजारी कुणी बसत नाही. न बसू दे.

परवा बापाचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तो चिनी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत तापानं मेला. पुरायचा की जाळायचा, कुणाला कळेना. म्हणून कुणी हात लावेना. दिवसभर तसाच पडून होता. शेवटी आमच्या वस्तीला बोलावणं आलं. बेवारस मढं आमच्याच लोकांनी उचलायचं असतं. बापानं आणि चुलत्यानं नेऊन पुरलं. धर्मशाळेच्या वहीत लिहायला नाव विचारलं, तर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'चिनी' एवढंच लिहिलं.

मीही त्याला नाव विचारलं नव्हतं. कुत्रं कसं शिजवतात, हे विचारलं होतं. ते माझ्या तोंडून गेलं, हे मी लपवणार नाही. आणि माझ्यासमोर ते पुन्हा कुणाला विचारू देणार नाही.